चार्जिंगच्या बॅटरीचा उजेड घरच्या घरी वाढवायचाय, नुसता एलईडी बदलून भागेल का?

ऊसकडेचा

नमस्कार मंडळी. आमचं रान जुन्नर तालुक्यात, थोडा ऊस थोडा कांदा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी पाळीनं येते आणि रात्रीच्या पाळीत मोटर चालू करायला विहिरीवर जावंच लागतं, मग पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला पहाटेपर्यंत रानातच. घरापासून विहीर असेल चारशे फूट, मधे चुलत्यांचा ऊस, आणि आमच्या भागात बिबटे किती झालेत ते तुम्ही पेपरात वाचताच. मी असतो तोवर ठीक आहे पण मी कंपनीत नाईटला असलो की वडील एकटे जातात, वय ६४.

प्रश्न बॅटरीचा आहे. (टॉर्चला आमच्याकडं बॅटरीच म्हणतात, आतल्या बॅटरीला मी सेल म्हणतो म्हणजे घोटाळा नको.) दोन वर्षांपूर्वी आठवडे बाजारातनं घेतलेली, प्लास्टिकची, मागं दोन पिना बाहेर सरकतात आणि सरळ बोर्डात खुपसून चार्ज होते तसली. नवी होती तेव्हा विहिरीपर्यंत झोत जायचा, आता पन्नास फुटावर नुसता मिणमिणता डाग. उघडून बघितली. आत पांढऱ्या डबीसारखा सेल, त्यावर ४ व्होल्ट ९०० एमएएच लिहिलंय, सर्किटची एक छोटी पट्टी, त्यावर चॉकलेटी कॅपॅसिटर १०५जे ४०० व्होल्ट, चार डायोड, एक रेझिस्टर, आणि पुढं मोठ्या चकचकीत वाटीत (रिफ्लेक्टरमधे) एकच एलईडी.

मी तालुक्यातनं ३ वॅटचा एलईडी आणला, जुना काढून तो लावला आणि रेझिस्टर काढून सरळ तार जोडली. पहिली दोन मिनिटं लख्ख उजेड, घरातली सगळी बाहेर आली बघायला, मग हळूहळू उतरत गेला, वाटीच्या मागं हात लावला तर चटका बसला आणि प्लास्टिकचा वास. शिवाय झोताच्या मधोमध काळं वर्तुळ दिसतंय, ते आधी नव्हतं. मावसभाऊ म्हणतो १० वॅटचा टाक. डाग द्यायला (सोल्डरिंग) येतो मला, मल्टीमीटर आहे. हजार रुपयांच्या आत काय जमेल ते सांगा. विहिरीपर्यंत आणि जमलं तर पलीकडच्या बांधापर्यंत, म्हणजे दीडशे मीटर धरा, नीट दिसायला पाहिजे आणि तीन-चार तास टिकायला पाहिजे.

डागवाला सातारा

दादा, सगळ्यात आधी एक काम करा, ती बॅटरी उघडी असताना पिना बोर्डात घालू नका. बाकी सगळं नंतर.

कारण सांगतो. त्या पट्टीवर ट्रान्सफॉर्मर नाही हे तुम्ही बघितलंच असेल. ते १०५जे म्हणजे १ मायक्रोफॅरडचं कॅपॅसिटर, २३० व्होल्टची लाईट त्यातून येते आणि ते फक्त करंट अडवतं, साधारण ७० मिलीअँपपर्यंत. व्होल्टेज वेगळं करत नाही. म्हणजे चार्जिंगला लावलेली असताना आतली ४ व्होल्टची तारसुद्धा घरच्या लाईटला जोडलेलीच असते, तिला हात लागला तर धक्का २३० चाच. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या शंभरातल्या नव्वद चार्जिंग बॅटऱ्या याच पद्धतीच्या असतात आणि लोक झाकण काढून चार्ज होते का बघत बसतात. बोर्डातून काढल्यावरही कॅपॅसिटरमधे चार्ज राहू शकतो, त्याच्या आडवा मोठ्या किमतीचा रेझिस्टर नसेल तर पिनांना हात लागून झटका बसतो. त्यामुळं दोन्ही पाय १०-२० किलोओहमच्या रेझिस्टरनं जोडून रिकामं करा, मग हात घाला.

आता उजेड का गेला. तुमचा सेल शिसं-ॲसिडचा आहे, आत २ व्होल्टची दोन घरं. ७० मिलीअँपनं ९०० चा सेल भरायला तेरा-चौदा तास लागतात आणि भरल्यावर बंद करणारं त्या पट्टीत काहीच नाही. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही बोर्डात राहिली की आतलं पाणी आटतं. आणि उलट, रिकामी करून महिनाभर फळीवर ठेवली की प्लेटवर सल्फेट धरतं, सेल कडक होतो. बहुतेक घरात दोन्ही आलटून पालटून होतं. म्हणून माझा अंदाज आहे की तुमचा जुना एलईडी चांगलाच होता, मेलाय तो सेल. एलईडी चालू ठेवून सेलच्या दोन टोकांवर मीटर लावा. ३.६ च्या खाली लगेच उतरत असेल तर सेल संपलाय.

रेझिस्टर काढायचं मात्र चुकलं. पांढऱ्या एलईडीला ३.२ व्होल्टच्या आसपास लागतात. समजा रेझिस्टर २ ओहमचा आहे. सेल ४.२ ला असताना वरचा १ व्होल्ट त्यावर पडतो म्हणजे अर्धा अँप, सेल ३.६ ला आला की उरतात ०.४ व्होल्ट म्हणजे ०.२ अँप. सेल थोडासाच उतरला पण करंट अर्ध्याहून खाली आला. सुरुवातीला लख्ख आणि तासाभरात मंद ही तक्रार यातनंच येते. रेझिस्टर काढल्यावर उजेड वाढतो पण ताजा भरलेला सेल एलईडी जाळतो. १० वॅटचा टाकून हेच सगळं आणखी लवकर होईल, कारण तो सेल दोन-अडीच अँप द्यायच्या लायकीचाच नाही.

रात्रभटका पुणे

डागवाले काकांनी सेलचं सांगितलं, मी झोताचं सांगतो. मी ट्रेकवाला आहे, रात्री राजगड-तोरणा करताना वापरायला गेली सात-आठ वर्षं बॅटऱ्या उघडतोय जोडतोय.

पहिली गोष्ट, उजेड जास्त आणि झोत लांब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यांचे पैसे इथंच वाया जातात. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो, तो चहूकडे पसरला काय किंवा एका जागी गेला काय, आकडा तोच. लांबचं दिसायला लागते ती कँडेला, म्हणजे झोताच्या मध्यावर उजेड किती दाटलेला आहे. कंपन्या डब्यावर जे अंतर छापतात ते कसं काढतात, तर जिथं उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर, आणि पाव लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्याचा हिशोब सोपा आहे, कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं. १५० मीटर पाहिजे तर ५६२५ कँडेला पुरते कागदावर. पण चांदण्याएवढ्या उजेडात दीडशे मीटरवर कुत्रं बसलंय का दगड आहे हे कळत नाही, माझ्या अनुभवानं डब्यावरच्या अंतराचं निम्मं खरं धरायचं. म्हणजे तुम्हाला ३०० मीटरची पाहिजे, साडेबावीस हजार कँडेला.

यातच दुसरी गोष्ट आली. ल्युमेन दुप्पट केले तर अंतर दुप्पट होत नाही, १.४ पट होतं. १ वॅटचा काढून १० वॅटचा टाकायचा, दहापट उष्णता सोसायची आणि अंतर फार तर तिप्पट, तेही वाटी आणि एलईडी जुळले तर. आणि १० वॅटवाल्या एलईडीचा पिवळा चौकोन, ज्यातनं उजेड निघतो तो, मोठा असतो, मोठ्या चौकोनाचा झोत त्याच वाटीत रुंद पडतो. लांब टाकायचं तर पिवळा चौकोन लहान आणि वाटी मोठी. तुमच्या स्वस्त बॅटरीतली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही फेकली नाहीत ते बरं झालं, ती मोठी वाटी. व्यास मोजा. साठ मिलिमीटरच्या पुढं असेल तर माझ्या खिशातल्या महाग बॅटरीपेक्षा ती लांब टाकेल.

मधलं काळं वर्तुळ म्हणजे एलईडी फोकसवर नाही. वाटीला एकच बिंदू असतो जिथनं उजेड सरळ जातो. नवा एलईडी ज्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर येतो त्या चकतीची जाडी जुन्यापेक्षा वेगळी, म्हणून तो मिलिमीटरभर वर-खाली बसला. दहा मीटरवरच्या भिंतीवर झोत टाकून एलईडी मागंपुढं करा, मधलं भोक बुजून लहान घट्ट ठिपका झाला की तीच जागा.

आणि उष्णता. एलईडी थंड उजेड देतो असं लोक म्हणतात, उजेड थंड असतो पण एलईडी स्वतः तापतो, आत गेलेल्या वॅटांपैकी निम्म्याहून जास्त उष्णताच होते. पिवळ्या बल्बची उष्णता उजेडाबरोबर समोर निघून जायची, एलईडीची मात्र मागच्या चकतीतूनच काढावी लागते आणि तुमच्या चकतीमागं प्लास्टिक आहे. तापला की उजेड उतरतो, हेच तुम्ही दोन मिनिटांत बघितलं. मागं धातू नाही तोवर एक वॅटच्या वर जाऊच नका.

ऊसकडेचा

लय उपकार दोघांचे. मीटर लावला. बंद असताना ४.१, चालू केल्याबरोबर ३.३. म्हंजे सेल गेलाय. वाटी पट्टीनं मोजली, ६५ मिमी. भोकाचंपण पटलं, चकती बोटानं पुढं ढकलली तर काळं वर्तुळ बारीक होतंय.

आता दोन विचारतो. एक, पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी पडलीय, त्यात सहा गोल सेल आहेत, त्यातला एक टाकला तर चालेल का, म्हणतात त्यात दम असतो. दुसरं, चार्जिंग त्याच पिनांनी होईल ना, वडिलांना नवीन काही शिकवायला नको.

डागवाला सातारा

नाही. त्याच पिनांनी अजिबात नाही. हे मी जरा जोरात सांगतोय कारण गेल्या पावसाळ्यात माझ्या दुकानात एकानं असाच जोडलेला डबा आणला होता, प्लास्टिक वितळून सेल बाहेर आलेला, नशीब त्यांनी तो ओट्यावर लावला होता, गादीवर नाही.

लॅपटॉपमधले ते सेल म्हणजे १८६५०, व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी. ते लिथियमचे. भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्या वर जायचंच नाही, आणि खाली ३ च्या आसपास थांबायचं. शिसं-ॲसिडचा सेल जास्त भरला की पाणी आटवून गप बसतो, लिथियम जास्त भरला की तापतो, फुगतो आणि पेट घेतो. तुमच्या पट्टीतलं कॅपॅसिटर ४.२ ला थांबणार नाही, ते रात्रभर ढकलतच राहणार. म्हणून ती पट्टी, त्या पिना, सगळं काढून टाका, आणि पिनांची भोकंही बंद करा, नाहीतर कुणीतरी सवयीनं काहीतरी खुपसेल.

त्याऐवजी लिथियम सेल भरायची टीपी४०५६ ची छोटी निळी पट्टी मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, चहा-वड्याच्या पैशात येते. मोबाईलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालते, १ अँपनं भरते आणि ४.२ ला आपोआप थांबते, तांबडा दिवा जाऊन निळा किंवा हिरवा लागतो. वडिलांना मोबाईल चार्ज करता येतो ना, मग हेही येईल. घेताना एवढं बघा की पट्टीवर सेलची दोन टोकं आणि बाहेर जाणारी दोन टोकं वेगळी आहेत. वेगळी असतील तर त्यावर संरक्षणाच्या दोन चिप आहेत, सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला की त्या तोडतात. दोनच टोकं असलेली स्वस्तातली घेऊ नका. आणि एलईडीची तार बाहेर जाणाऱ्या टोकांनाच जोडा, सेलला सरळ नाही, नाहीतर संरक्षण असून नसल्यासारखं.

लॅपटॉपच्या सेलचं सांगतो. चालतात, पण तपासून. बाहेर काढल्यावर २ व्होल्टच्या खाली असेल तो वापरू नका, चार्ज झाला तरी नाही. बाकीचे भरा, भरताना हात लावून बघा, कोमटपेक्षा जास्त लागला तर बाद. भरून आठवडाभर ठेवा, ४.२ चा ४.१५ झाला तर ठीक, ४.० च्या खाली गेला तर बाद. वरचं रंगीत प्लास्टिक फाटलं असेल तर आधी नवीन नळी चढवा, कारण त्या सेलचं सगळं अंग निगेटिव्ह असतं, फक्त वरची टोपी पॉझिटिव्ह. डाग सेलवर सरळ देऊ नका, आतलं नाजूक असतं, होल्डर घ्या.

नवीन घेणार असाल तर ९९०० एमएएच लिहिलेले स्वस्तातले घेऊ नका. त्या मापाच्या सेलमधे एवढं मावतच नाही, चांगल्या कंपनीचे २५०० ते ३५०० पर्यंत असतात. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तीस भरला तर आत काहीतरी भलतंच आहे.

रात्रभटका पुणे

काकांच्या पुढचं मी जोडतो. रेझिस्टर लावू नका, एएमसी७१३५ ची गोल ड्रायव्हर पट्टी घ्या. त्यातली एकेक चिप ३५० मिलीअँप सोडते, ना कमी ना जास्त, सेल ४.२ ला असो नाहीतर ३.४ ला. म्हणजे पहिल्या मिनिटाला जेवढा उजेड तेवढाच दोन तासांनी. आठ चिपवाली मिळते २.८ अँपची, सगळे तीच घेतात, तुम्ही घेऊ नका. तीन चिपची घ्या, १.०५ अँप. एक तर त्या चार्जिंगच्या पट्टीतलं संरक्षण तीन अँपच्या आसपास तोडतं, त्यामुळं २.८ ला बॅटरी मधेच विझू शकते, आणि अंधारात उसाच्या कडेला बॅटरी विझणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दुसरं, करंट चौपट केला तरी उजेड चौपट होत नाही. क्री कंपनीचा एक्सएम-एल२ म्हणून मोठा एलईडी येतो, तो ७०० मिलीअँपला तीनशेच्या आसपास ल्युमेन देतो आणि ३ अँपला हजाराच्या आसपास, म्हणजे सव्वाचार पट करंट देऊन सव्वातीन पट उजेड, आणि तापणं मात्र पुरेपूर.

तुमच्यासाठी त्याच्यापेक्षा लहान एक्सपी-जी२ बघा, अख्खा एलईडीच ३.४५ मिलिमीटरचा, पिवळा चौकोन त्याहून लहान, १.५ अँपपर्यंत चालतो. ६५ च्या वाटीत १ अँपवर त्याचा झोत फार छान घट्ट येतो. तांब्याच्या चकतीवर बसवलेला मिळाला तर तोच, नाहीतर ॲल्युमिनियमची चालेल, १ अँपला फरक थोडा. मागं जाड ॲल्युमिनियमचा तुकडा पाहिजे, मधे हीटसिंक पेस्ट (उष्णता धातूत नेणारी) पातळ, भाकरीला तूप लावतो तेवढीच, थापायची नाही.

अजून एक, स्विच. त्या प्लास्टिक बॅटरीतला सरकवायचा स्विच आणि बारीक तारा १ अँपला व्होल्टेज खातात. ०.१ ओहम म्हणजे काहीच नाही वाटतं पण १ अँपला ०.१ व्होल्ट गेला. तारा जाड घाला, होल्डरच्या स्प्रिंगच्या दोन टोकांना आतून तांब्याची मऊ तार डाग देऊन जोडा म्हणजे करंट स्प्रिंगच्या वेटोळ्यातनं फिरत बसणार नाही. संपर्काच्या जागा खोडरबरानं घासून स्पिरिटनं पुसा. जुनी बॅटरी मंद झाली म्हणून माझ्याकडे आलेल्या निम्म्या तर एवढ्यानंच सुधारल्यात.

सिन्नरकर ताई

तुम्ही सगळे दूरचं बघताय, मी जवळचं सांगते. आमचा गहू आणि कांदा, रात्रीची दारं मीच धरते, बारा वर्षं झाली.

नवऱ्यानं मागच्या वर्षी मला लांब झोताची बॅटरी आणून दिली. झोत पलीकडच्या वस्तीवर पडायचा, पण पाय कुठं पडतोय ते दिसायचं नाही. एवढा कडक उजेड समोर बघितला की डोळे त्याला बसतात आणि पायापाशी आणखीच काळोख वाटतो. एका रात्री पाटाच्या कडेला मण्यार होती, वीतभर अंतरावर, झोत समोर होता म्हणून दिसलीच नाही, पाण्यात हालचाल झाली म्हणून थबकले. मण्यार रात्रीचीच फिरते आणि चावलेलं कधीकधी कळतपण नाही, फार दुखत नाही. त्या दिवसापासून मी दोन उजेड वापरते. एक कमरेच्या पट्ट्याला खाली तोंड करून, रुंद पसरणारा, मंद चालतो, त्याच्या काचेवर दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा लावलाय म्हणजे झोत फुटून सगळीकडे सारखा पडतो. दुसरी झोताची बॅटरी पिशवीत, लागली तरच. दोन्ही हात फावड्याला मोकळे राहतात हे वेगळंच. पायात गमबूट, हातात काठी, ते आहेच. आणि काही झालंच तर १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना, दुसरीकडं कुठं वेळ घालवायचा नाही.

बिबट्याचं पण सांगते कारण आमच्याकडंही उसात असतात. त्याचे डोळे चमकतात ते आपल्याच उजेडानं आणि ती चमक जिथनं उजेड आला तिथंच परत जाते. म्हणून बॅटरी कमरेशी धरून बघितलं तर चमक दिसत नाही, ती डोळ्याशेजारी कानशिलाला लावून धरायची आणि हळूहळू फिरवायची, मग साधी बॅटरीसुद्धा लांबवरचे डोळे दाखवते. उसाच्या कडेला पोचायच्या आधीच थांबून एकदा असं फिरवून घ्यायचं. मात्र नुसता उजेड बघून तो पळेल या भरवशावर राहू नका. वनखात्याची माणसं गावात आली होती तेव्हा त्यांनी सांगितलं की आवाज करत जा, मोबाईलवर गाणी लावा, बोलत जा, वाकून काम करू नका. दिसलाच तर १९२६ नंबर आहे वनखात्याचा.

आणि थंडीत धुकं पडलं की निळसर पांढरा कडक उजेड समोर भिंतीसारखा उभा राहतो, काहीच दिसत नाही. तेव्हा बॅटरी डोळ्यापासून लांब, खाली धरायची. एलईडी घेताना थोडा पिवळसर घ्या, धुक्यात त्यानं फार फरक पडत नाही पण ओल्या मातीचा आणि सापाचा रंग वेगळा कळतो. वडिलांना आधी कमरेचा उजेड करून द्या दादा, झोताची बॅटरी मागनं करा.

रात्रभटका पुणे

ताई, डोळ्याशेजारी धरायचं मला माहीत होतं पण कमरेचा उजेड आणि झोत असं वेगळं ठेवायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही, आम्ही कपाळावरचाच सगळीकडे वापरतो. पिवळसरबद्दल पूर्ण सहमत, ४००० ते ५००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) मागा. ६५०० वाल्यात उजेड आकड्यात जास्त असतो पण सगळं चुन्यासारखं दिसतं.

उसवाले दादा, आधी आणि नंतर उजेड मोजायची एक सोपी युक्ती. खोली पूर्ण अंधारी करा, बॅटरी जमिनीवर उभी ठेवून छताकडं सोडा, मोबाईल तिथून चार फुटावर जमिनीवर ठेवा आणि लक्स मोजायचं ॲप लावा. आकडा खरा नसतो पण दोन्ही वेळेला जागा तीच ठेवली तर कितीपट झालं ते कळतं. डोळ्यावर विसंबू नका, उजेड दुप्पट झाला तरी डोळ्याला थोडाच वाढल्यासारखा वाटतो.

ऊसकडेचा

अकरा दिवसांनी लिहितोय, सामान यायला वेळ लागला.

ताईंचं ऐकलं आणि आधी कमरेचा उजेड केला. जुना १ वॅटचा एलईडी चांगलाच निघाला, काकांनी म्हटलं तसं. तो एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला, ड्रायव्हरची एकच चिप म्हणजे ३५० मिलीअँप, लॅपटॉपमधला एक सेल, टीपी४०५६, आणि पुढं तेलाच्या बाटलीचं पांढरं दुधी झाकण. जेवणाच्या डब्याच्या प्लास्टिकमधे बसवून पट्ट्याला अडकवलं. पहिल्या रात्री साडेपाच तास चालला. वडिलांनी तो काढलाच नाही, गोठ्यातपण तोच.

मग झोताची. सहा सेलपैकी दोन बाद झाले, एक १.४ वर होता आणि एक भरताना तापला. उरलेल्यातले दोन शेजारी शेजारी (पॅरलल) जोडले. जोडायच्या आधी दोघं वेगवेगळे पूर्ण ४.२ पर्यंत भरले, कमीजास्त असताना जोडलं तर एकातनं दुसऱ्यात एकदम करंट धावतो असं काकांनी मला नंतर निरोपात सांगितलं होतं, ते इथं बाकीच्यांसाठी लिहितोय. बंद पडलेल्या ॲम्प्लिफायरचा हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा ठोकळा) होता, त्याचा दोन बोटं रुंद तुकडा करवतीनं कापला, वाटीच्या मागं बसवला, प्लास्टिकला पाठीमागं खिडकी पाडली म्हणजे हीटसिंकच्या पात्या बाहेरच्या हवेत राहिल्या. पावसात चालणार नाही हे मान्य, पावसाळ्यात आम्हाला पाणी द्यायचंच नसतं. एक्सपी-जी२, तीन चिप.

फोकसनं मात्र दमवलं. आधी एलईडी खाली बसला, काळं भोक. खाली एक वॉशर घातला तर जास्त वर आला. शेवटी जुन्या ॲल्युमिनियमच्या ताटाच्या पत्र्याचे दोन गोल कापून पेस्ट लावून घातले, आता गोठ्याच्या भिंतीवर ताटाएवढा ठिपका पडतो. ॲपवर आधी ७ लक्स होते (तेव्हा जुना एलईडी आणि मेलेला सेल), आता ४३. तास दीड तास चालवून हीटसिंकला हात लावला, गरम लागतं पण हात ठेवता येतो. पूर्ण चार तास चालली मग थोड्या वेळानं मंदावून बंद. विहिरीच्या शेडचं कुलूप घरनं दिसतंय, पलीकडच्या बांधावरची बाभळ दिसते, तिच्याखाली काय आहे ते मात्र नीट नाही दिसत, भटक्या दादांनी निम्म्याचं म्हटलं होतं तसंच.

पिनांची भोकं एम-सील भरून बुजवली. ती जुनी पट्टी तोडूनच टाकली, पोरांच्या हाती नको.

एकच राहिलं. चार्ज व्हायला सहा तास लागतात. टीपी४०५६ च्या दोन पट्ट्या शेजारी लावून लवकर भरता येईल का?

डागवाला सातारा

नको. दोन लावल्या तर होतं, पण एक पट्टी आधी थांबते, दुसरी नंतर, आणि जुन्या लॅपटॉपच्या सेलना २ अँपनं भरायची घाई कशाला. संध्याकाळी पाचला लावा, अकराला निघताना भरलेली असेल. उलट पट्टीवर बारीक १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो बदलून २ किलोचा लावला तर १ अँपऐवजी ६०० मिलीअँपच्या आत येतो. दिवसाची पाळी असते त्या आठवड्यात हळू भरलेलं सेलला चांगलं. आणि दिवसाच्या आठवड्यात पूर्ण भरून फळीवर ठेवू नका, लिथियमला निम्मं भरून ठेवलेलं मानवतं, ३.७-३.८ वर.

हीटसिंकचा फोटो बघायला आवडेल.

ऊसकडेचा

ठीक, एकच ठेवतो. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो, आज वडील घेऊन गेलेत. चुलतेपण म्हणतायत आमची करून दे, त्यांची उघडली तर त्यातही तेच १०५जे.

सिन्नरकर ताई

कमरेचा पण करून द्या त्यांना, आधी तोच.